उंदरासाठीची तिखट टेप, ब्लूटूथ स्कॅनर आणि म्हातारी पिकअप: आठ महिन्यांनंतर

गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आधी आला, वायर कुरतडू नये म्हणून लावायची टेप नंतर, म्हणून त्याच क्रमाने सांगतो. पिकअप २००७ ची, पेट्रोल, चार सिलेंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगी पाडणारी वेगळी कॉइल. पंधरा दिवस उभी होती, मग सकाळी स्टार्ट केली तर इंजिन लटपटायला लागलं, ॲक्सिलरेटर दिला की झटके, आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नाही तर ब्लिंक होतोय. आणि मी शहाण्याने तशीच आठवडाभर चालवली, म्हटलं जुनी गाडी आहे, होतं असं. हे अजिबात करू नका. दिवा स्थिर असेल तर थोडा वेळ काढता येतो, ब्लिंक होतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा डबा) जळतंय आणि तो आतून भाजून निघतोय. त्याची फळं पुढे येतात.

स्कॅनर साधाच, मोबाईलला जोडायचा. कोड दाखवला पी०३०३, म्हणजे तीन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट जळत नाही. (शेवटचा आकडा सिलेंडरचा, पी०३०० आला तर एकापेक्षा जास्त किंवा कुठलाही.) यासाठी स्कॅनरला पूर्ण मार्क. पण हा कोड फक्त कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही, आणि इथेच लोक नवीन कॉइल, नवीन प्लग घेत सुटतात. मी तीन नंबरची कॉइल एकला लावली आणि एकची तीनला. कोड तीनवरच राहिला, म्हणजे कॉइल बरी. प्लगही तसाच अदलून बदलून पाहिला, तरी तीनच. मग स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय-कमी करतोय तो आकडा) बघितला तर तो प्लसमध्ये, म्हणून वाटलं इनटेकला कुठून तरी हवा शिरतेय, त्यात अख्खा रविवार घालवला. नंतर कळलं की जो सिलेंडर जळत नाही त्यातला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिनचा कॉम्प्युटर अजून पेट्रोल ओततो. म्हणजे आकडा खरा होता, मी अर्थ उलटा लावला.

मेकॅनिक म्हणाला इंजिन खोलावं लागेल. त्याआधी म्हटलं वायर हलवून बघू, इंजिन चालू ठेवून काठीने हार्नेस (वायरांचा जुडगा) जरा ढकलला आणि गाडी एकदम गुळगुळीत, सोडला की परत लटपट. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली टॉर्च मारला तर घरटंच, बॉनेटच्या आतल्या फोमचा भुगा, चिंध्या, लेंड्या, आणि तीन नंबरच्या कॉइलची वायर अर्धी सोललेली, आतल्या तारा हिरव्या पडलेल्या. गंमत म्हणजे मल्टिमीटर या वायरवर व्यवस्थित बीप देत होता! दोन-चार तारा शिल्लक असल्या तरी बीप येतो, काही जोडलेलं नसेल तर वायरवर बारा व्होल्टही दिसतात. लोड द्यायला हवा, म्हणजे वायरमधून खरा करंट खेचायला हवा. कॉइलचा कनेक्टर काढून, चावी ऑन करून, सप्लायची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावला तर तो मिणमिणता, बाकी तीन कॉइलवर लख्ख. हा प्रयोग फक्त सप्लायच्या वायरवर करा, कॉम्प्युटरकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरला बल्ब लावाल तर कॉम्प्युटर जाऊ शकतो.

साफ करताना कोरडा झाडू मारू नका, घाण हवेत उडते. ग्लोव्ह्ज आणि मास्क घालून, जंतुनाशकाने भिजवून मगच पुसून काढा, लेप्टो उगाच होत नाही. वायर त्याच जाडीची घेतली, क्रिम्प करून (धातूची छोटी नळी दाबून) जोडली, आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, आतून गोंद असलेली. सोल्डर मी टाळला, व्हायब्रेशनमध्ये सोल्डरच्या कडेलाच तार तुटते. बाजूच्या वायरचे जोड एकाच जागी न करता पुढेमागे केले, नाहीतर हार्नेसला गाठ येते.

आता टेप. मिरचीतलं कॅप्सेसिन लावलेली टेप असते ही. पहिला धडा, गुंडाळून झाल्यावर मी डोळा चोळला. अर्धा तास नळाखाली होतो. दुसरा धडा तिसऱ्या महिन्यात. जिथे टेप होती तिथे दात लावलेला नाही, हे खरंच कबूल करतो, पण हे महाशय वीतभर पुढे सरकले आणि ऑक्सिजन सेन्सरची उघडी वायर आणि वायपरच्या पाण्याची नळी खाऊन गेले. म्हणजे टेप उंदराला हाकलत नाही, फक्त त्याची जागा बदलते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत असतात, तो काहीतरी कुरतडणारच. वायरच्या कव्हरमध्ये सोया असतं म्हणून खातात असंही ऐकलं असेल, पण माझ्या गाडीत फोम आणि रबरी नळीही सोडली नाही, त्यामुळे ते कारण मला पटत नाही. एक्झॉस्टजवळची टेप सहाव्या महिन्यात गोंद वितळून लोंबायला लागली, तिथे लावूच नका.

मधल्या काळात अल्ट्रासॉनिक यंत्रही लावलं. पहिला आठवडा शांत, नंतर त्या डबीवरच लेंड्या. डांबराच्या गोळ्यांचा वास एसीतून केबिनमध्ये येतो आणि तो आपल्यालाच वाईट. विष तर नकोच, कुठेतरी डक्टमध्ये मरून पडला तर शोधत बसा.

खरा फरक पडला जाळीने. छोटा उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणून त्याहून बारीक छिद्रांची स्टीलची जाळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकांना आणि हवा आत येते त्या तोंडाला बसवली. आणि गाडी दोन-तीन दिवसांनी हलवतो, मुख्य म्हणजे बॉनेट उघडून बघतो. जाळी लावल्यापासून चार महिने मिसफायर शून्य.

टेपला पाचपैकी तीन, स्कॅनरला चार. एक मार्क कापला कारण स्वस्तातल्या या स्कॅनरचं कनेक्शन मध्येच तुटतं. बाकी सध्या त्यावर एकच कोड दिसतो, पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता कमी. तो त्या एका आठवड्याचा हिशोब आहे.