पंपरूमचा प्रेशर गेज: कोणता घ्यावा, कसा तपासावा

सोसायटीच्या पंपरूमसाठी गेज घ्यायला मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जाणार असाल, तर डायलवरचा बारीक आकडा आधी वाचा: १, १.६ किंवा २.५. हा अचूकतेचा वर्ग, आणि त्याची टक्केवारी पूर्ण रेंजवर धरतात. १० किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलो प्रेशरपर्यंतच्या), १.६ वर्गाच्या गेजमध्ये काटा कुठेही असला तरी ०.१६ किलोपर्यंतची चूक मान्य असते. ७ किलोला ती सव्वादोन टक्क्यांच्या आसपास, १ किलोला थेट १६ टक्के! म्हणून ‘मोठा घेतला की टिकतो’ म्हणत २५ किलोचा गेज लावणं मला पटत नाही. रोजचं प्रेशर रेंजच्या मध्यावर किंवा थोडं वर, पण पाऊण भागाच्या आत राहावं.

कोरडा बोर्डन गेज (आतली वाकवलेली नळी प्रेशरने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरवते) स्वस्त, पण पंपाच्या थरथरीने काटा नाचतो आणि आतली दातेरी चक्रं झिजतात. ग्लिसरीन भरलेल्या गेजमध्ये काटा शांत राहतो, मुंबईच्या पावसाळ्यात काचेआड बाष्पही धरत नाही. जास्तीचे पैसे इथेच घालावेत. डिजिटल वाचायला सोपा, पण बॅटरीवर अवलंबून. कायमचा लावायला नको.

तपासणीचा फुकट उपाय इमारतीतच आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी गेजपासून ३० मीटर उंच असेल आणि नळ सगळे बंद असतील, तर थेट उतरणाऱ्या लाइनवर गेजने ३ किलो दाखवायला हवं. १० मीटरला १ किलो. मध्ये प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर मात्र हा हिशेब लागत नाही. शिवाय तपासणी एकाच आकड्यावर होते, ७ किलोचं काही कळत नाही.

त्यासाठी प्रेशर चढवणारा हातपंप आणि तुलनेसाठी मास्टर गेज लागतो. मास्टर निदान चौपट अचूक हवा, म्हणजे १.६ साठी ०.२५ वर्गाचा चालेल. प्रेशर चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा आकडे लिहा. त्यांतला फरक गेजच्या आतला अडखळा दाखवतो. एकदोन गेजसाठी हा संच विकत घेऊ नका. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, प्रमाणपत्रावर चढतानाचे आणि उतरतानाचे, दोन्ही आकडे मागा.

प्रेशर काढल्यावर काटा शून्यावर येत नसेल, तर तो उपटून शून्यावर बसवू देऊ नका. नळी ताणली गेली असेल, तर वरचे आकडे तरीही चुकतील. आणि शून्याशी अडवणारी खीळ असलेल्या गेजमध्ये काटा खिळीला टेकला, एवढ्यावर तो बरोबर धरू नका.