कथक नर्तिकेसाठी ओ-१बी की ईबी-१ए? आधी कात्रणांचा खोका उघडा

माझी एक मैत्रीण पुण्यात कथक शिकली, तिथेच नाचली आणि लग्नानंतर नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, न्यू जर्सीत आली. एच-४ वर वर्क परमिट हातात नसेल, तर बेसमेंटमध्ये चार मुलींचा क्लास घेऊन फी घेणंसुद्धा नियमात बसत नाही. म्हणून तिने विचारलं, ‘ओ-१बी करू की थेट ईबी-१ए?’ दोन्हीकडे ‘असाधारण क्षमता’ हेच शब्द आहेत, त्यामुळे कागद तेच आणि फॉर्म तेवढा वेगळा, असा बऱ्याच जणींचा समज असतो. तो महागात पडतो.

ओ-१बी हा तात्पुरता व्हिसा. कलावंतांसाठी इथली कसोटी त्यातल्या त्यात नरम आहे: चारचौघा व्यावसायिक नर्तकांपेक्षा तुम्ही बऱ्याच वर आहात आणि लोकांनी ते ओळखलंय, एवढं दाखवायचं. ईबी-१ए म्हणजे ग्रीन कार्डाची वाट. तिथे क्षेत्राच्या अगदी माथ्यावरच्या मोजक्यांत तुमची गणना व्हावी लागते, आणि राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय कीर्ती टिकून असावी लागते. ‘टिकून’ हा शब्द एच-४ वाल्यांना नडतो. २०१६ पर्यंत खजुराहो, कोणार्कचे नृत्यमहोत्सव आणि नंतर सलग पाच वर्षं काहीच नाही, अशी फाइल ओ-१बीलाही अशक्त वाटते. ईबी-१एला तर ती मोठी भेगच.

अर्ज कोण करतं, यातही फरक आहे. ओ-१बीचा फॉर्म, आय-१२९, अमेरिकेतली संस्था किंवा एजंट भरतो, स्वतः भरता येत नाही. सोबत करार, कार्यक्रमांचं वेळापत्रक आणि कलावंतांच्या संघटनेचं अभिप्रायपत्र लागतं. नृत्यासाठी ते बहुधा अमेरिकन गिल्ड ऑफ म्युझिकल आर्टिस्ट्सकडून घेतात. ईबी-१एचा फॉर्म, आय-१४०, मात्र स्वतःचा स्वतः भरता येतो, नोकरी देणारा लागत नाही. अमेरिकेत हेच काम पुढे चालू ठेवणार, एवढं पटवावं लागतं. एप्रिल २०२४ पासूनची मूळ फी पाहिली तर आय-१४० ला ७१५ डॉलर आणि ओ वर्गाच्या आय-१२९ ला १०५५ (लहान आणि ना-नफा संस्थांना कमी). म्हणजे कठीण अर्जाचीच फी कमी. ‘आपलं आपण भरून टाकू’ हा मोह तिथूनच सुरू होतो. भरण्याआधी ताजे दर मात्र बघा.

खरी गोष्ट पुराव्यांची. एखादं फार मोठं पारितोषिक नसेल, आणि आपल्यापैकी जवळपास कुणाकडेच ते नसतं, तर ओ-१बीला सहापैकी तीन निकष दाखवायचे, ईबी-१एला दहापैकी तीन. दहातले तीन सोपे वाटतात, पण त्या दहांतले काही नर्तकांच्या उपयोगाचेच नाहीत. ‘कलाप्रदर्शन’ हा निकष बऱ्याचदा चित्रकार-शिल्पकारांपुरता धरला जातो. ‘व्यावसायिक यश’ म्हणजे तिकीटविक्रीचे आकडे. आपल्याकडे शास्त्रीय नृत्याच्या किती कार्यक्रमांना तिकीट असतं? शिवाय ईबी-१एत २०१०च्या कझारियन या न्यायालयीन निकालापासून तीन निकष पूर्ण झाले तरी काम संपत नाही. मग अधिकारी सगळी फाइल एकत्र तोलून बघतो आणि विचारतो, ही खरंच माथ्यावर आहे का? विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्याचं प्रमाणपत्र पहिल्या पायरीवर चालून जाईल, या पायरीवर त्याला फारसं वजन नाही. विशारद, अलंकार या पदव्या, पुरस्कार नव्हेत. घरच्यांनी हॉल घेऊन केलेला रंगमंचप्रवेश तर फाइलमध्ये घालूच नका.

मैत्रिणीचा खोका आम्ही जमिनीवर पालथा केला. मराठी दैनिकांतली अकरा कात्रणं निघाली. नवांवर तारीख नव्हती, चारांवर लेखकाच्या नावाऐवजी ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. आईने प्रेमाने कडा कापून वहीत चिकटवलेली! ईबी-१एच्या निकषात मथळा, तारीख आणि लेखक हवाच, आणि मजकूर तुमच्याविषयी हवा. समूहातल्या आठ नावांत तुमचं सहावं असून भागत नाही. ओ-१बीला मात्र तिची प्रमुख भूमिका असलेल्या कार्यक्रमाचं परीक्षण, जाहिरात, करार हे सगळं एकमेकांना धरून चालतं. मराठी मजकुराचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र दोन्हीकडे लागतं.

शिफारसपत्रांत आपण मराठी माणसं हमखास चुकतो. गुरूंनी लिहिलं होतं, ‘अत्यंत गुणी, नम्र आणि मेहनती शिष्या.’ अधिकाऱ्याला याचा काय उपयोग? दुसरं पत्र तिच्याकडे कधीच न शिकलेल्या, तिला न शिकवलेल्या एका ज्येष्ठ नर्तकाचं होतं: रास तालाच्या तेरा मात्रांत तिने बांधलेली रचना आपल्यासह आणखी दोन संस्था सादर करतात, कुठे आणि केव्हापासून. ईबी-१एतला ‘महत्त्वाचं मौलिक योगदान’ हा निकष असल्याच पत्राने हलतो.

आता रांग. भारतात जन्मलेल्यांना ईबी-१मध्येही थांबावं लागतं. आय-१४० मंजूर झाला तरी ग्रीन कार्डाच्या रांगेत आपली तारीख लागेपर्यंत काम करायची परवानगी मिळत नाही, आणि हे अनेकींना फार उशिरा कळतं. (नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याच्या देशाची रांग धरता येते, हे मात्र विचारून घ्या.) तरीही ईबी-१ची रांग नवऱ्याच्या ईबी-२ या ग्रीन कार्डाच्या दुसऱ्या वर्गापेक्षा पुढे असते, आणि बायकोच्या अर्जावर नवरा आणि मुलंही येतात. त्यामुळे घरात बहुधा नवराच ईबी-१एसाठी जास्त आग्रही! ओ-१बी एका वेळी तीन वर्षांपर्यंत मिळतो, पण काम अर्जात लिहिलेलंच करायचं; क्लास घ्यायचा असेल तर तोही आधीच त्यात यायला हवा. मुलांना वडिलांच्या जोरावर एच-४ वर राहता येतं.

एका तिसऱ्या वाटेचं नाव फारसं कुणी घेत नाही, ती पी-३. सांस्कृतिकदृष्ट्या वेगळ्या कलेसाठीचा हा व्हिसा. नाव मोठं नसलं तरी चालतं, कला अस्सल परंपरेतली आहे हे जाणकारांनी लिहून द्यावं लागतं, आणि शिकवणंही त्यात बसतं. मिळतो एकेका वर्षासाठी आणि अमेरिकेतला प्रायोजक लागतोच. कीर्ती कमी पण तालीम पक्की असेल, तर मी आधी याचाच विचार करेन.

मैत्रिणीला मी ओ-१बी सांगितला. एका नृत्यसंस्थेशी करार होता, परीक्षणं पुरेशी होती. ओ-१वर असताना ग्रीन कार्डाचा अर्ज केला म्हणून ओ-१ नाकारत नाहीत, तेव्हा ईबी-१ए दोन वर्षांनी, इथल्या कार्यक्रमांची भर पडल्यावर. सध्या तिचा भाऊ पुण्यात ग्रंथालयांत जुने अंक चाळतोय. नऊपैकी सहा कात्रणांची पूर्ण पानं, वर्तमानपत्राचं नाव आणि तारखेसकट, मिळाली आहेत.