मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल, चेनवालं कव्हर : ५ पैकी ४ स्टार

एक स्टार चेनचा कापलाय ते आधीच सांगतो. कोपऱ्यावर वळताना अडकते, जोर लावला की पानाची कड धरते, शेवटच्या चार-पाच पानांना तिचे दात लागलेत. दुकानदार म्हणाला मेणबत्ती घासा, घासली, थोडा फरक पडला एवढंच.

बाकी वस्तू चांगली आहे. अक्षर खरंच मोठं, कागद पातळ म्हणजे बायबलचा असतो तसाच, पेन्सिल चालते पण बॉलपेन अजिबात नको, मागे उमटतं. खुणेच्या फिती दोन. वजन मात्र बरंच, झोपून छातीवर ठेवून वाचणारे असाल तर विचार करा. भाषा जुन्या वळणाची, तारण (म्हणजे पापातून सुटका), नीतिमत्त्व वगैरे, घरात कोणी नवीन वाचणारं असेल तर सोप्या भाषेतलं मिळतं ते घ्या, मला संडेस्कूलपासून हीच कानाला सवय.

आता खरं सांगू का, दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर चर्चमध्ये आपला विश्वास जाहीर करतात त्या विधीच्या वेळचं बायबल घरात होतंच, पण अक्षर बारीक म्हणून वाचत नाही असं मी वीसेक वर्षं सांगत आलो. आमच्या चर्चचे पाळकसाहेब विचारायचे, तुम्ही स्वतः प्रभूला कधी स्वीकारलं? तर म्हणायचो मुलीचं लग्न होऊ द्या, मग म्हणायला लागलो रिटायर होऊ द्या. जन्म ख्रिस्ती घरात, बाप्तिस्मा तान्हेपणी, वर्गणी वेळेवर, मग घाई कसली! मोठं अक्षर घरात आलं आणि तेही कारण गेलं.

रात्री दुधाकडे लक्ष ठेवत किचनमध्ये बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचत होतो, २४ वा अध्याय. येशूचा प्रेषित पौल कैसरिया शहरात कैदेत, रोमी सुभेदार फेलिक्स बायकोला घेऊन त्याचं ऐकायला बसलाय, पौल नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणाऱ्या न्यायाबद्दल बोलतो आणि फेलिक्स चक्क घाबरतो. म्हणजे त्याला पटलेलं असतं हो! आणि म्हणतो काय, तर आत्ता जा, सवड झाली की बोलावतो. गंमत म्हणजे सवड त्याला होतेच, लाच मिळेल या आशेने तो पौलाला वरचेवर बोलावतो, गप्पा मारतो, आणि असं करता करता २ वर्षं जातात, त्याच्या जागी फेस्त येतो, पौल तसाच कैदेत. फेलिक्सचं पुढे काही लिहिलेलंच नाही. मी पण दर रविवारी जाऊन ऐकतोच की.

मग मागे १६ वा काढला, तिथे फिलिप्पै शहराचा तुरुंगाधिकारी आहे, पौल आणि त्याचा सोबती सीला त्याच्या कैदेत, मध्यरात्री भूकंप, दारं उघडी, बिचारा जीव द्यायला निघालेला, तो विचारतो तारण व्हायला मी काय करू, आणि त्याच रात्री या दोघांच्या जखमा धुऊन घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतो. सकाळ होऊ द्या म्हणाला नाही. आमच्या नगरकडच्यांना टिळक लगेच आठवतात, कवी ना. वा. टिळकांना आगगाडीत एका परक्या माणसाने बायबलचा नवा करार दिला होता, तरी बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, मधे त्यांचीही घालमेल झालीच. पण ते पुस्तक त्यांनी फळीवर ठेवून दिलं नव्हतं, माझ्यासारखं.

दूध उतू गेलं. गॅस बंद केला, ओटा नंतर पुसू म्हटलं आणि तिथेच खुर्चीवर बसून प्रार्थना केली, पाठ असलेली नाही, साधी, प्रभू मी पापी आहे, उशीर केला, मला घे. दोन मिनिटं लागली असतील. बायको आली, ओटा बघितला, माझं तोंड बघितलं आणि काही न बोलता फडकं घेतलं.

हां, दुकानवाला पंधरा दिवसांत बदलून देत होता. नाही बदललं, २४ व्या अध्यायात पेन्सिलीच्या खुणा झाल्यात. तुम्ही घेताना चेन दुकानातच चार वेळा उघडून-लावून बघा.