मुतखड्याचं ऑपरेशन छान, नंतरची काळजी शून्य

पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलच्या युरॉलॉजी विभागाबद्दल हे लिहितोय. दुर्बिणीतून खडा काढण्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. लेझर चांगला, ओटी स्वच्छ, पेशंट दुसऱ्या दिवशी चालायला लागतो. घोळ होतो तो डिस्चार्जच्या टेबलावर.

खडा काढल्यावर मूत्रनलिकेत बऱ्याचदा डीजे स्टेंट ठेवतात. साधारण २४-२६ सेंटीमीटरची मऊ, पोकळ नळी. एक वेटोळं किडनीत, दुसरं मूत्राशयात. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी राहावी म्हणून ती असते. ती विरघळत नाही, काढावीच लागते. इथल्या डिस्चार्ज कार्डावर तिचा उल्लेख औषधांच्या यादीखाली, इंग्रजीत, घाईच्या अक्षरात: ‘डीजेएस इन सिटू, रिव्ह्यू १५ दिवस’, म्हणजे डीजे स्टेंट आत आहे, १५ दिवसांनी दाखवायला या. काढायची तारीख नाही, मराठीत एक ओळ नाही. वेल्ह्याहून आलेला माणूस दुखायचं थांबलं की स्वारगेटहून एसटी धरतो. आत नळी आहे हेच त्याला कळलेलं नसेल, तर तो परत कशाला येईल?

वेळेवर आला तर जेली लावून, दुर्बिणीने काही मिनिटांत नळी निघते. तीन महिने उलटले की लघवीतले क्षार तिच्यावर थर धरू लागतात, वेटोळ्यावरच नवा खडा बसतो. तेव्हा ओढली तर तुटू शकते. मग पुन्हा भूल, पुन्हा लेझर, कधी दोन-तीनदा. तोवर किडनी निकामीही झालेली असू शकते.

नळी असताना लघवीला जळजळ, लालसर लघवी, लघवी करताना कुशीत कळ हे होतंच. पण थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, रक्ताच्या गाठी पडणं, यांपैकी काहीही झालं तर रात्री दोनलाही कॅज्युअल्टी गाठायची. हे कार्डावर नाही, आणि दिलेला नंबर रिसेप्शनचा.

घरी निघण्यापूर्वी स्टेंट कुठल्या बाजूला, कधी काढायचा, खर्च बिलात धरलाय का, हे लिहून घ्या. स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. जुनं ऑपरेशन असेल आणि शंका असेल तर केयूबी एक्स-रेत (किडनीपासून मूत्राशयापर्यंतचा पोटाचा साधा एक्स-रे) वेटोळी दिसतात. केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे.

वॉर्डात स्टेंटची वेगळी वही हवी: नाव, फोन, घातल्याची तारीख, काढायची तारीख, आणि त्या आठवड्यात सिस्टरचा एक फोन. शंभर पानी वही पुरते. इथे तीही नाही. ऑपरेशनला ५ पैकी ४, नंतरच्या काळजीला १.