न वाजणारं पायताण

कोल्हापुरात चप्पल घ्यायला गेलेला माणूस पायात जोड घालून आधी चार पावलं चालून बघतो. नजर पायाकडं कमी, कान जास्त. करकर वाजली की चेहरा खुलतो आणि मग भावाची घासाघीस सुरू होते. मी मंगळवार पेठेतली. आजोबांची चप्पल गल्लीच्या तोंडाशी वाजली की आम्ही पोरं पुस्तकं उघडून बसायचो. अशा गावात मी एका कारागिराला म्हटलं, "मामा, मला अजिबात न वाजणारं पायताण पाहिजे. चौदा जोड."

त्यांनी हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली. "न वाजणारं? ताई, लोक वाजंना म्हणून परत घिऊन येत्यात."

त्या चौदा जोडांबद्दल हे लिहिते आहे. गेले नऊ महिने माझ्या नाचाच्या वर्गातली मुलं ते वापरतायत, तेव्हा आता खात्रीनं बोलता येईल. मामा सुभाषनगरात राहत्या घराच्या पुढच्या खोलीत काम करतात. दुकान नाही, पाटी नाही. नाव आणि नंबर कुठं देऊ नका असं त्यांनी बजावलं आहे, कारण आहेत तीच कामं उरकत नाहीत. ज्याला खरी गरज आहे त्यानं सुभाषनगरात जाऊन नाचाचे बूट करणारे मामा कुठं राहतात असं विचारावं, कुणीही घर दाखवेल.

मी बॅले शिकवते आणि बसवते. शिकवणं म्हणजे काय ते लोकांना कळतं. बसवणं म्हणजे काय हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

वडिलांची बँकेतून मुंबईला बदली झाली तेव्हा मी दहा वर्षांची होते. बॅले सुरू करायला तसं उशिराचंच वय. पुढची वीस वर्षं मी सकाळी उठून लाकडी दांडीला हात लावून प्लिये आणि तांद्यू केले, म्हणजे गुडघे वाकवायचे, पाय जमिनीवरून घासत ताणायचा, पुन्हा जागेवर आणायचा. पगारी बॅले कंपनी मला कधी मिळाली नाही. छोटे गट, वर्षाला चार-पाच कार्यक्रम, उरलेल्या वेळात लहान मुलींच्या शिकवण्या. तरी ते दिवस सुखाचे होते. तिसाव्या वर्षी एका उडीवरून उतरताना उजवा घोटा मोडला. हाड जुळलं, चालणं पूर्ववत झालं, पण बोटांच्या टोकावर उभं राहणं संपलं.

माझ्या बाईंनी मला घरी बसू दिलं नाही. तालमीच्या खोलीत एक खुर्ची टाकली, हातात वही दिली आणि मोजायला सांगितलं. त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा पाय ऐकू आले. नाचत असताना कानात संगीत भरलेलं असतं, आपला श्वास भरलेला असतो. समोर बसलेल्या माणसाला मात्र आठ मुली उतरल्याचे आठ धप्प आवाज ऐकू येतात आणि त्यातला एक उशिरा येतो. कुणाचा, ते मला न बघता सांगता यायला लागलं. मी नाच बसवणारी झाले ती त्या खुर्चीत. सहा महिन्यांनी बाईंनी सहा मिनिटांचा एक तुकडा माझ्यावर सोपवला.

जॉर्ज बॅलन्चिन या नाच बसवणाऱ्याचा 'सेरेनेड' हा बॅले मी त्याच काळात अभ्यासला. तोही आधी नाचणारा. गुडघ्याच्या दुखण्यानं त्याचं नाचणं आटलं आणि बसवणं वाढलं. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये नव्या शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन तो चायकोव्हस्कीच्या संगीतावर हा बॅले बसवायला लागला. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या, म्हणून सुरुवात सतरा जणींची. एक मुलगी तालमीत पडली, एक उशिरा आली. दोन्ही गोष्टी त्यानं नाचातच ठेवल्या. आजही तो बॅले होतो तेव्हा ती मुलगी तशीच पडते आणि ती दुसरी तशीच उशिरा येते. आईच्या आजारपणामुळं मी कोल्हापूरला परत आले आणि राजारामपुरीत एक हॉल भाड्यानं घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी अकरा मुली आणि तीन मुलगे आले होते. मी चौदा जणांचा नाच बसवायला घेतला.

त्या तिघांतला एक कुस्तीच्या तालमीतला. सतरा वर्षांचा, मान जाड, पायाचा पंजा म्हणजे नांगराचा फाळ. बाकीची मुलंही लहानपणापासून अनवाणी हिंडलेली, बोटं मोकळी पसरलेली. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी सरावाचे बूट मागवले होते, जोडी एकोणीसशे रुपयांना. ते अरुंद पायासाठी कापलेले. आठ जणांच्या करंगळ्या सोलल्या. परत घ्यायला विक्रेत्यानं नकार दिला, कारण बूट एकदा पायात घातले होते. पायात न घालता बूट होतो की नाही हे कसं कळतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. पुढचे दोन महिने सगळे मोज्यांवर नाचले आणि हॉलच्या शहाबादी फरशीवर घसरले. मग शेजारच्या काकूंनी मामांचं घर दाखवलं.

मामांनी आधी सरळ नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी मी माझे शेवटचे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायचे टणक टोकाचे बूट, घेऊन गेले, ज्यात घोटा मोडला तो जोड. वाटलं, नमुना दाखवावा. त्यांनी उलटसुलट करून बघितले, टोकावर टिचकी मारली, खळ्ळ आवाज आला. म्हणाले, "आत काय हाय ते कापल्याबिगर कळायचं न्हाई."

तेरा वर्षं तो जोड मी कपाटात ठेवला होता. मी म्हटलं, कापा.

उजवा मी मागं ठेवला, डावा दिला. रापी टोकापासून टाचेपर्यंत एका दमात फिरली आणि बूट पुस्तकासारखा उघडला. साटीनच्या आत कापड, त्याच्या आत गोणपाटासारखं जाडंभरडं कापड, कागद, पुन्हा कापड, आणि सगळ्याला खळ. तळाला चामड्याची चिंचोळी पट्टी आणि आत पाठीच्या कण्यासारखी एक ताठ फळी. मामा बराच वेळ बघत बसले. "ह्यात चामडं कुठं हाय? समद्या चिंध्या आन् खळ. आन् ह्याच्यावर तुमी हुब्या ऱ्हायचा?" मी सांगितलं की घाम लागला की खळ मऊ होते, मोठ्या कंपनीतल्या नर्तकीचा जोड कधीकधी एका खेळात संपतो, आणि नवा जोड वाजू नये म्हणून आम्ही तो पायरीवर आपटून आपटून आधी मऊ करतो. आपटायच्या गोष्टीला ते पहिल्यांदा हसले.

हे आपण करणार नाही, असं त्यांनी तिथंच सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पॉइंट शूज बाहेरूनच मागवावे लागतात. त्यात हयगय झाली तर मुलीचा घोटा जातो. पण 1832 साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फिद' हा बॅले नाचताना मारी ताल्योनी ही नर्तकी बोटांच्या टोकावर गेली तेव्हा तिच्या पायात असली टणक टोपी नव्हतीच, मऊ साटीनचे बूट होते आणि टोकाला, कडेला दोऱ्यानं रफू करून आधार दिलेला होता, हे सांगितल्यावर मामांनी मान वर केली. "म्हंजे मऊ पायताण आन् शिलाई. मग बघू की."

माप घ्यायची त्यांची पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे. मूल वर्तमानपत्रावर उभं करून पेन्सिलीनं पाय काढला. मग मला विचारलं, "उतरताना आधी काय टेकतं? टाच का बोटं?" आधी बोटं, मग चवडा, मग टाच, गुडघा वाकवत, असं मी करून दाखवलं. त्यांनी प्रत्येकाला चवड्यावर उभं केलं आणि दुसरं माप काढलं. चवड्यावर गेल्यावर पंजा केवढा पसरतो ते दोन रेघांमधल्या फरकात दिसत होतं, कुणाचा पाव इंच, पैलवानाचा त्याहून जास्त. इतक्या वर्षांत एकाही बूट विकणाऱ्यानं मला हा प्रश्न विचारला नव्हता.

चपलेचं चामडं इथं चालत नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं ते म्हशीचं कातडं वर्षानुवर्षं टिकतं, पण पायाबरोबर वाकत नाही. वरच्या भागाला मामांनी बकऱ्याचं मऊ कातडं घेतलं. तळ मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्यानं दोन तुकड्यांत केला, एक चवड्याखाली, एक टाचेखाली, मधली कमान मोकळी. "मधी टेकतच न्हाई तर चामडं कशाला?" बाहेरच्या देशांतल्या कंपन्या असेच दुभंगलेले तळ करतात हे मी त्यांना नंतर दाखवलं. त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही. तळाची खरबरीत बाजू बाहेर ठेवली, कडा रापीनं कागदाइतक्या पातळ केल्या आणि सगळा बूट उलटा शिवून मग सुलटा केला, म्हणजे शिवण आत राहते आणि फरशीला लागत नाही. करकर यायची ती चामड्यावर चामडं घासून. इथं घासायला दुसरा थरच ठेवलेला नाही.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. पहिल्या नमुन्यात अंगठ्याखाली चुण्यांचा जाड गठ्ठा झाला होता आणि एका मुलीला फोड आला. दुसऱ्या नमुन्यात त्यांनी चुण्या बारीक करून पंख्यासारख्या पसरवल्या, मग त्रास गेला. कातड्याचा रंग पहिले आठ दिवस घामानं सुटतो. पांढरे मोजे घालू नका, जुने घाला. वास येतो. एका आईनं बूट घरात आणू नको असं मुलाला सांगितलं होतं. महिन्याभरात तो जातो. कोल्हापूरच्या पावसात त्यावर बुरशी धरते, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, सावलीत टांगा. इलॅस्टिक मामा लावून देत नाहीत, ते आपलं आपण शिवायचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. दसऱ्याला देतो म्हणाले आणि दिवाळी होऊन गेल्यावर दिले, कारण दिवाळीला चपलांची मागणी असते आणि तिच्यावर त्यांचं वर्षभराचं घर चालतं. मी चिडले होते. आता ठरवून टाकलंय की त्यांच्याकडं मागणी उन्हाळ्याच्या सुट्टीत नोंदवायची.

जोडीला साडेसातशे रुपये. आणखी काही द्यायची माझी इच्छा होती, त्यांनी घेतले नाहीत. नऊ महिन्यांत चौदापैकी दोन जोडांचे तळ झिजले, तेही पैलवानाचे आणि मोजून सगळ्यात जास्त गिरक्या घेणाऱ्या मुलीचे.

पायात बसले, टिकले, यापेक्षा माझ्यासाठी मोठी गोष्ट आवाजाची होती. चौदा जणांचा हा नाच मी मनात धरला होता तो केशवराव भोसले नाट्यगृहाच्या रंगमंचासाठी. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तिथंच पहिल्यांदा नाचले होते. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. खासबाग मैदानाच्या कडेला उभं राहून आम्ही सगळे काळ्या पडलेल्या भिंती बघत होतो आणि तालमीतला तो पोरगा मला म्हणाला, "बाई, मग आपला नाच कुठं करायचा?" आम्ही तो एका शाळेच्या सभागृहात केला, फरशीवर जाड गालिचा, त्यावर प्लायवूड टाकून. अशा पोकळ जमिनीवर पाऊल ढोलासारखं वाजतं. मध्ये एक जागा आहे जिथं संगीत थांबतं आणि सगळे एकदम हवेतून खाली येतात. तिथं मला शांतता हवी होती. मोज्यांवर ती कधीच मिळाली नव्हती, पाय घसरायच्या भीतीनं मुलं जोरात उतरायची.

नवे बूट घालून पहिली पूर्ण तालीम झाली त्या दिवशी मी मामांना बोलावलं होतं. काम सोडून आले, मागं भिंतीला टेकून जमिनीवर बसले. नाच सुरू झाला आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं दमलेत, झोप लागली असेल. संगीत थांबलं, चौदा जण खाली आले, आणि पंखा फिरतोय तेवढा ऐकू येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मामांनी डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. "डावीकडनं तिसरी. तिच्या उजव्या पायाची शिवण सुटल्या."

मी बूट काढून बघितला. टाचेच्या तुकड्याचा एक टाका उसवला होता, नखाएवढा. ते तो तसाच खिशात घालून घेऊन गेले आणि सकाळी आठ वाजता वर्ग सुरू व्हायच्या आत दाराशी ठेवून गेले.