तोंडाच्या बायोप्सीसाठी लातूरची एक लॅब : दोन वर्षांचा अनुभव

उदगीरला दातांचा दवाखाना चालवताना गालाच्या आतले चट्टे आणि न भरणाऱ्या जखमा यांचे तुकडे मला वरचेवर तपासणीला पाठवावे लागतात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी असली, तरी तोंड आखडून त्यात दोन बोटेही न मावणारे रुग्ण येत राहतातच. गेली दोन वर्षे हे नमुने मी लातूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबकडे देतो आहे आणि तिचे काम मला मनापासून आवडले आहे.

त्याआधीच्या लॅबचा रिपोर्ट एका ओळीत संपत असे : ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा नेहमीचा कॅन्सर, ज्याच्या पेशी अजून मूळ पेशींसारख्या दिसतात. ही ओळ चूक नव्हती, पण तेवढ्यावर उपचार ठरत नाहीत. केराटिनचे (त्वचेतल्या कठीण प्रथिनाचे) मोत्यांसारखे गोळे भरपूर दिसणारी, म्हणजे वरकरणी सौम्य श्रेणीची गाठही मज्जातंतूच्या कडेने पसरलेली असू शकते. लातूरच्या रिपोर्टमध्ये पेशी रुंद बेटांनी खाली उतरल्या आहेत की तुटक ओळींनी आणि सुट्या पेशींनी, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का, हे स्वतंत्र नोंदवलेले असते. शस्त्रक्रियेनंतरच्या नमुन्यात शिरकावाची खोली आणि कडांचे अंतर मिलिमीटरमध्ये दिलेले असते. २०१७ च्या एजेसीसी वर्गीकरणापासून (कॅन्सरचे टप्पे ठरवणारी अमेरिकन पद्धत) ५ आणि १० मिलिमीटर या खोलीच्या मर्यादांवर कॅन्सरचा टप्पा बदलतो, आणि मानेतल्या लसीकाग्रंथी काढायच्या का, हे ठरवतानाही सर्जन ही खोली पाहतात. म्हणून हा आकडा नसलेला रिपोर्ट मी आता अपुरा मानतो.

एका रुग्णाच्या गालात पांढरट, फुलकोबीसारखी वाढ होती. मी वरवरचा तुकडा पाठवला. दुसऱ्याच दिवशी लॅबच्या डॉक्टरांचा फोन आला, ‘‘सर, नुसता केराटिनचा थर आलाय, खालचा पाया दिसतच नाही. कडेसकट जरा खोल तुकडा घ्या.’’ दुसऱ्या तुकड्यात बोथट, रुंद मुळांनी खालच्या ऊतीला ढकलत गेलेला आणि पेशींत फारशी विकृती नसलेला व्हेरुकस कार्सिनोमा (चामखिळीसारखा वाढणारा कॅन्सर) निघाला. १९४८ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट अॅकरमन यांनी वर्णन केलेला हा प्रकार निव्वळ स्वरूपात असेल तर मानेत सहसा पसरत नाही. मात्र त्याच्या पोटात नेहमीच्या स्क्वॅमस कॅन्सरची बेटे लपलेली असू शकतात, त्यामुळे काढलेल्या गाठीतून पुष्कळ ठिकाणचे काप पाहावे लागतात. लॅबने ते पाहिले आणि कुठून किती काप घेतले, हेही लिहून दिले.

स्क्वॅमस कॅन्सरचेच आणखी प्रकार आहेत : गडद, लहान पेशींचा बेसलॉइड प्रकार जास्त आक्रमक असतो आणि लांबट पेशींचा प्रकार सार्कोमासारखा (स्नायू, हाडे अशा ऊतींच्या कॅन्सरसारखा) भासतो. अशा शंकेत केराटिनसाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशीतले ठरावीक प्रथिन रंगवून ओळखणारी चाचणी लागते. ती या लॅबमध्ये होत नाही. नमुना बाहेर पाठवतात, आठ-दहा दिवस जातात आणि खर्च वेगळा पडतो. कॅन्सरच्या रुग्णाला हे थांबणे फार जड जाते, ही माझी एकमेव तक्रार आहे. खर्च मात्र आधी सांगितला जातो.

मुंबईला टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तुकडा) लॅबकडून साध्या अर्जावर त्याच दिवशी मिळतात. नमुना देताना रुंद तोंडाच्या बाटलीत तुकडा पूर्ण बुडून वर भरपूर राहील इतके दहा टक्के फॉर्मॅलिन (ऊती कुजू न देणारे द्रावण) घालावे आणि तोंडातली जागा, बाजू व तंबाखूची सवय अर्जावर लिहावी. यातला एखादा रकाना कोरा सोडला, तर लॅबचा फोन येतोच.