किट कारची नंबर प्लेट आधी ठरवा, किट मग घ्या: ब्रिटनमधल्या रजिस्ट्रेशनच्या वाटांची तुलना

ब्रिटनमधे राहून घरी किट कार, म्हणजे कंपनीकडून सुट्या भागांचा संच (किट) घेऊन स्वतः जोडायची गाडी, बांधायचा विचार असेल तर कुठली किट, कुठलं इंजिन हे सगळेच विचारतात, पण रजिस्ट्रेशन कुठल्या वाटेने करायचं हे फार कमी लोक विचारतात आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिला प्रश्न तोच हवा. गाडी तयार झाल्यावर ठरवू असं करून चालत नाही, कारण पार्ट कुठून आले आणि त्यांची कागदपत्रं आहेत का यावरच डीव्हीएलए, म्हणजे तिथलं आरटीओसारखं खातं, नंबर ठरवते.

सगळे पार्ट नवे घेतले, म्हणजे शॅसी (गाडीची खालची मुख्य चौकट), इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल सगळं, तर चालू वर्षाचा नंबर मिळतो (तिथल्या नंबरवरून गाडीचं वय कळतं). केटरहॅम कंपनीची सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार अशी किटमधे मिळते. एखादा रीकंडिशन केलेला पार्ट चालतो, पण एकच, तो शॅसी नको आणि उत्पादकाच्या पद्धतीने अगदी नव्यासारखा केल्याचा पुरावा हवा. ही सगळ्यात सरळ वाट, खर्च मात्र सगळ्यात जास्त आणि एमिशनची म्हणजे धुरातल्या प्रदूषणाची चाचणी पण कडक, कारण इंजिन नवं.

दुसरी वाट डोनर गाडीची, म्हणजे जिचे पार्ट काढून वापरायचे अशा जुन्या गाडीची, आणि पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी हीच सुचवेन. एखादी जुनी माझदा एमएक्स-५ घ्यायची, तिचं इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन काढून किट कंपनीच्या नव्या शॅसीवर बसवायचं. एकाच गाडीचे निदान दोन मुख्य भाग वापरले तर डोनरच्या वयाप्रमाणे नंबर मिळतो. इथे "एकाच गाडीचे" हे फार महत्त्वाचं आहे बरं का, इंजिन एका गाडीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा, स्टिअरिंग तिसरीकडून स्वस्तात मिळालं असं केलं की हा हक्क जातो. म्हणून सुटे पार्ट गोळा करण्यापेक्षा अख्खी गाडी घ्या, तिचं आरसी बुक म्हणजे व्ही५सी आपल्या नावावर करून घ्या, रस्त्यावर नसल्याची नोंद म्हणजे सॉर्न करून टाका आणि उरलेला सांगाडा भंगारात देताना कागद नीट सांभाळा.

तिसरी वाट म्हणजे जुन्या गाडीची मूळ शॅसी तशीच ठेवून वर नुसती नवी बॉडी, उदा. फोक्सवॅगन बीटलच्या पूर्ण फ्लोअरपॅनवर (तिची शॅसी म्हणजे हा खालचा तळ) बांधलेली उघडी बग्गी. शॅसीला हात लावला नाही आणि आणखी दोन मुख्य भाग मूळ गाडीचेच राहिले तर जुनाच नंबर राहतो. पण फ्लोअरपॅन कापून आखूड केला की ती न बदललेली शॅसी राहत नाही आणि हिशोबच बदलतो, आणि कापाकापीबद्दलचे नियम डीव्हीएलएने २०२५ मधे बदललेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओंवर विसंबू नका.

यातलं काहीच बसत नसेल, म्हणजे पार्ट दहा ठिकाणचे, गाडीचं वय किंवा ओळख सिद्ध होत नाही, किंवा शॅसी स्वतःच घरी वेल्ड केलीय, तर क्यू प्लेट, म्हणजे क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर. लोक हिला उगाच घाबरतात असं मला वाटतं. तोटे आहेतच, विकताना किंमत कमी येते, काही इन्शुरन्सवाले नाक मुरडतात आणि तिच्या जागी हौसेचा प्रायव्हेट नंबर लावता येत नाही. पण एमओटी या वार्षिक तपासणीत क्यू प्लेटची गाडी १ जानेवारी १९७१ ला पहिल्यांदा वापरलेली धरतात, त्यामुळे एमिशनला फक्त डोळ्यांना दिसणारा धूर बघतात. आयुष्यभर स्वतःच ठेवायची असेल तर क्यू वाईट नाही, पाच वर्षांत विकायची असेल तर टाळा.

आता टेस्ट. मूळ शॅसीची वाट सोडली तर बाकी तिघांनाही आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची रस्त्यावर यायच्या आधीची तपासणी, पास व्हावंच लागतं, २००९ मधे एसव्हीए या जुन्या तपासणीच्या जागी आलं ते, डीव्हीएसए हे सरकारी खातं घेतं. लोकांना वाटतं ब्रेक आणि लाईट बघतील, ते बघतातच, पण गाड्या अडकतात त्या बारक्या गोष्टींवर. १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बॉडीच्या बाहेरून जिथे जिथे टेकू शकतो तिथली कडा किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. सेव्हनसारख्या गाडीत पुढची चाकं उघडी, विशबोनचे (सस्पेन्शनच्या दांड्यांचे) बोल्ट बाहेर, हेडलाईटचे ब्रॅकेट बाहेर, मडगार्डची पातळ कड, म्हणजे विचार करा किती जागा झाल्या. आतल्या बाजूला डॅशबोर्डची कड, स्विचेस, सगळं तसंच तपासतात. आवाज ९९ डेसिबलच्या आत, स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये, आणि वळणावर स्टिअरिंग सोडलं की ते सरळ व्हायला सुटलं पाहिजे, हलक्या गाडीत कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी असेल तर तिथेच फेल.

एमिशनची पातळी इंजिनाच्या वयावर ठरते, गाडीच्या नाही, म्हणून इंजिनाच्या तारखेचा पुरावा हवाच. डोनरवाल्यांना आरसी बुकमुळे हे सोपं जातं, सुटं इंजिन घेणाऱ्यांची खरी पंचाईत होते.

एवढा उपद्व्याप नको पण गाडी हवीच असेल तर आधीच रजिस्टर झालेली किट कार विकत घ्या. बांधायचा आनंद जातो, पैसे आणि वेळ बराच वाचतो. फक्त व्ही५सी वरचा शॅसी नंबर गाडीवर स्वतः वाकून वाचा, इंजिन नंबर पण जुळवा आणि बांधतानाचे फोटो, बिलं, आयव्हीएचं सर्टिफिकेट मागा, ते नसेल तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

बांधणार असाल तर प्रत्येक बिल पहिल्या दिवसापासून जपा, फोटो काढत रहा. पास झाल्यावर सर्टिफिकेटसोबत गाडी कशाकशाची बांधली ते सांगणारा व्ही६२७/१ फॉर्म आणि रजिस्ट्रेशनचा अर्ज म्हणून नव्या गाडीला व्ही५५/४ किंवा जुन्या पार्टच्या गाडीला व्ही५५/५ डीव्हीएलएला जातो. टेस्टला गाडी नंबर नसतानाही चालवत नेता येते, मात्र वेळ आधी बुक केलेली हवी आणि इन्शुरन्स हवा, तो शॅसी नंबरवर निघतो, तेव्हा त्याची चौकशी टेस्टची तारीख घ्यायच्या आधीच करून ठेवा.